समोरच्या बाकावर मावशी

फादर पडले तेव्हा मी गोठ्यात होतो. स्वयंपाकघरामागच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, तिथं त्यांचा पाय सरकला. हाक ऐकून धावलो, तर ते एका कुशीवर पडलेले, आणि चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा ओशाळलेपणच जास्त.

"उचलू नकोस," ते म्हणाले. "मोडलंय. मला आवाज आला."

खुब्याचं हाड होतं. खालच्या वाडीत जीप शोधून वर आणेपर्यंत तास गेला. चौघांनी गोधडीसकट उचलून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. मी शेजारी चढायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू कुठं येतोस? गाई आहेत. संध्याकाळी मुलं येतील अभ्यासाला. घर बंद ठेवू नकोस."

वाडीतला एक जण त्यांच्याबरोबर भोरपर्यंत गेला, तिथून पुढं त्यांना पुण्याला नेलं. जीप वळणाआड गेली आणि मी अंगणात उभा राहिलो. हाताला अजून शेणाचा वास होता. भाद्रपद चालू होता आणि मी चोवीस वर्षांचा होतो.

मी मूळचा वसईकडचा. आमच्या घरात जेवायला दहाबारा माणसं, आणि रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नाही. बारावीनंतर धर्मगुरू व्हायचं ठरवून मी पुण्याच्या सेमिनरीत आलो. तिथंही शंभरावर मुलं. कुणी केरळचा, कुणी झारखंडचा, कुणी मंगळूरचा. घंटेवर उठायचं, घंटेवर प्रार्थना, घंटेवर वर्ग, घंटेवर फुटबॉल. आंघोळीच्या रांगेतसुद्धा मागं कुणीतरी गुणगुणत असायचं. एकांत हा शब्द आम्ही आठवड्यातून दोनदा तरी प्रवचनात ऐकायचो, आणि एकत्र बसून ऐकायचो.

पदवी झाल्यावर दोन वर्षं आम्हाला तत्त्वज्ञान शिकवलं. ग्रीकांपासून सुरुवात, मग सांख्य, वेदान्त, मध्ययुगातले ख्रिस्ती विचारवंत. शेवटच्या तोंडी परीक्षेत मला विषय आला, देवाचं सर्वव्यापित्व. देव सगळीकडे असतो म्हणजे नेमका कसा असतो, यावर मी पंधरा मिनिटं न अडखळता बोललो. परीक्षक म्हातारे होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठांतर चांगलं आहे." त्याचा मला राग आला होता.

तत्त्वज्ञान संपल्यावर आणि ईशज्ञानाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची, चार वर्षं सुरू व्हायच्या आधी आम्हाला एक वर्ष बाहेर पाठवतात. माणसांत राहून बघायचं, आपल्याला हे जमणार आहे का ते. मला हिर्डोशीकडं पाठवलं. भोरहून वरंध घाटाकडं जाणारा रस्ता जिथं धरणाच्या पाण्याला चिकटून वळणं घेत जातो, तिथून वर चढून गेलं की आमचं घर होतं. एके काळी ते मुलांचं वसतिगृह होतं. वाड्यावाड्यांपर्यंत रस्ते झाले, शाळा झाल्या, तसं ते ओस पडलं. मी गेलो तेव्हा मोठ्या खोलीत लोखंडी खाटा ओळीनं तशाच होत्या, गुंडाळलेल्या गाद्यांना बुरशी आलेली. आसपास कुठंही ख्रिस्ती घर नव्हतं. फादर तिथं वीस वर्षं राहिले होते. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या बैलाला औषध आणून दे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घे. त्यांनी कुणाला बाप्तिस्मा दिला नव्हता. कुणी मागितलाही नव्हता.

फोनला रेंज घरात नव्हती. रस्त्यावरच्या एका वळणावर मोरीच्या कठड्याशी उभं राहिलं तर मिळायची. तिथून मी पुण्याला आमच्या वरिष्ठांना फोन केला.

"फादरांना सहा महिने तरी चालता येणार नाही," ते म्हणाले. "तू महिनाभर सांभाळ. दुसरे फादर ठरलेत."

ठरलेल्या फादरांना डेंग्यू झाला. बरे झाल्यावर त्यांना दुसरीकडं पाठवावं लागलं. महिन्याचे दोन महिने झाले. वरिष्ठ वाईट माणूस नव्हते, त्यांच्याकडं माणसंच नव्हती. प्रत्येक फोनला ते विचारायचे, "ठीक आहेस ना?" मी म्हणायचो, "ठीक आहे."

ठीक नव्हतो. पहिल्या आठवड्यात मी घर धुऊन काढलं, खाटा उन्हात टाकल्या. दुसऱ्या आठवड्यात पुस्तकं लावली. मग करायला काही उरेना. सकाळी गाई, दूध डेअरीच्या गाडीवर, दुपारी खिडकीतून धरणाचं पाणी बघत बसायचं. घाट पावसाळ्यामुळं बंद होता, त्यामुळं पुढं जाणारी गाडी नाही. एसटी यायची, दोन माणसं उतरायची, गाडी वळून जायची. संध्याकाळी पाच-सहा मुलं अभ्यासाला यायची, अंधार पडायच्या आत त्यांना घरी पोचायचं असायचं. ती गेली की मला स्वतःच्या चपलांचा आवाज मोठा वाटायचा.

सगळ्यात अवघड प्रार्थनेची वेळ. सेमिनरीत स्तोत्रं म्हणताना आम्ही दोन बाजूंना बसायचो. एक ओळ या बाजूनं, पुढची ओळ समोरच्या बाजूनं. इथल्या छोट्या चॅपेलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीतही, समोरासमोर दोन बाक होते, एकावर मी आणि एकावर फादर. आता समोरचा बाक रिकामा. सवयीनं मी माझी ओळ म्हणून थांबायचो. समोरून काहीच यायचं नाही. मग ती ओळही मीच म्हणायचो.

एका सकाळी मावशींनी दारातून डोकं आत घातलं. "कुनी आलंया का?"

"नाही, मावशी."

"न्हाई, मंगाशी तुमी बोलून थांबत हुता. मला वाटलं पल्याडचं मानूस हळू बोलतंय."

मावशी खालच्या वाडीतल्या. साठीच्या आसपास असतील. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात टेम्पो चालवायचा, मुलगी कामथडीला दिली होती. चार शेळ्या आणि थोडं भाताचं खाचर. सकाळी येऊन त्या आमच्या दोघांच्या भाकऱ्या आणि कालवण करून जायच्या, फादर गेल्यावर माझ्या एकट्याचं. मोठ्या फादरांना त्या फादरबाबा म्हणायच्या आणि मला धाकले फादर.

"मी अजून फादर झालो नाही, मावशी," मी एकदा सांगितलं.

"मंग मास्तर का?"

"मास्तरही नाही."

"लगीन?"

"नाही. करायचंही नाही."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "आई हाय न्हवं?"

"आहे."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. बाकीच्याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं.

चॅपेलच्या भिंतीत एक लहानसं पितळी कपाट होतं. मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, जी भाकर ख्रिस्ताचं शरीर होते असं आम्ही मानतो, तिच्यातली थोडी त्या कपाटात जपून ठेवलेली असते, आणि ती आत आहे याची खूण म्हणून बाहेर एक दिवा अखंड तेवत असतो. मी धर्मगुरू नसल्यानं मिस्सा करू शकत नव्हतो. पण रविवारी त्यातला प्रसाद स्वतः घ्यायची परवानगी वरिष्ठांनी मिळवून दिली होती. फादर गेले तेव्हा आत त्या भाकरीच्या पातळ पांढऱ्या चकत्या थोड्याच होत्या. मी एकेकीचे चार तुकडे करायला लागलो. तरी कार्तिक लागेपर्यंत शेवटचा तुकडा उरला. तो मी त्या रविवारी घेतला, भांडं धुतलं, कपाटाचं दार नियमाप्रमाणं उघडं ठेवलं आणि दिव्यावर फुंकर घातली.

मी तिथंच बसून राहिलो. देव सगळीकडे असतो हे मला तोंडपाठ होतं. पण ते उघडं कपाट बघताना मला वाटलं, या घरात होतं ते शेवटचं माणूसही निघून गेलं.

मावशी भाकऱ्या करून निघाल्या होत्या. जाता जाता थबकल्या. "दिवा का इझला? तेल न्हाई का?"

"तेल आहे. आत जे होतं ते संपलं, म्हणून विझवला. नवे फादर येईपर्यंत आता लावायचा नाही."

"म्हंजी द्येव न्हाई आता हितं?"

याला मी परीक्षेत दिलेलं उत्तर होतं. ते तोंडात आलंच नाही. मी नुसते खांदे उडवले.

त्यांनी त्या उघड्या कपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मंग घरात तुमी एकलंच म्हना की," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कीव नव्हती, एक गोष्ट ध्यानात आल्यासारखा आवाज होता.

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर मी प्रार्थनेला बसलो, तर मावशी आल्या. पायातल्या वहाणा दाराशी काढल्या, पदर सारखा केला आणि समोरच्या बाकावर, फादरांच्या जागी, येऊन बसल्या.

"म्हना तुमचं," त्या म्हणाल्या.

मी पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. समोरून आवाज आला, "हूं."

दुसरी ओळ म्हटली. "हूं."

कुणी गोष्ट सांगत असताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा, तसा त्या देत होत्या. राजाची गोष्ट असो नाहीतर राक्षसाची, सांगणाऱ्याला कळलं पाहिजे की समोरचं माणूस जागं आहे. मला हसू आलं. सबंध स्तोत्र त्यांनी असं पार पाडलं. संपल्यावर विचारलं, "त्यो कुनावर रागावलाय एवडा?" ते स्तोत्र खरंच तक्रारीचं होतं. शत्रूंनी वेढलंय आणि देव ऐकत नाही, असं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आसं मोकळं बोललं म्हंजी बरं आसतंय," आणि शेळ्या बांधायला उठून गेल्या.

मग त्या रोज येऊ लागल्या. भाताची कापणी चालू होती, दिवसभर वाकून वाकून त्यांची कंबर धरलेली असायची, तरी यायच्या. प्रार्थना झाल्यावर पाच-दहा मिनिटं बोलायच्या. कुणाच्या खाचरात रानडुकरं शिरली, लेकाचा फोन आला का नाही, लहानपणी वेल्ह्याकडच्या मामाच्या घरी असताना एकदा वाट चुकून दिवसभर रानात कशा फिरल्या. मी ऐकायचो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष त्या सांगतात त्यात कमी आणि कुणीतरी बोलतंय यातच जास्त असायचं. मी तेव्हा एक वही लिहायचो. तिच्यात पानंच्या पानं माझ्या एकटेपणावर होती. मावशी त्यात फक्त 'आज आल्या', 'आज उशिरा आल्या' एवढ्याच.

असं तीनेक आठवडे चाललं. मग एक दिवस दुपारी वाडीतले एक वयस्कर गृहस्थ आले. पूर्वी पोलीस पाटील होते. भला माणूस. फादरांना जीपमध्ये चढवणाऱ्या चौघांत ते होते. पिशवीभर नवा तांदूळ घेऊन आले, ओट्यावर टेकले, फादरांच्या तब्येतीची चौकशी केली. चहा झाल्यावर म्हणाले,

"यक बोलू का? राग धरू नगा."

"बोला ना."

"मावशी रोज सांजच्याला तुमच्या द्येवळात बसती. तिला बाटवत्यात म्हून लोक कुजबुजाया लागलीत."

मी घाईनं म्हणालो, "मी त्यांना काहीही शिकवत नाही. त्या नुसत्या बसतात."

"ते मला ठावं हाय. वीस वर्सं बगतोय मी हितलं. पर समद्यांस्नी कुठं ठावं? उद्या कुनी भायेरचा यिऊन काय बोललं, तर तिलाच तरास, आन् फादरबाबांच्या नावाला बी. तुमी शानं हाय. बगा."

धमकी नव्हती. काळजीच होती. ते गेल्यावर मी बराच वेळ कपबशा विसळत राहिलो. वरिष्ठांना फोन करावा असं मनात आलं, पण ते काय म्हणणार हे ठाऊक होतं. मला भीती वाटली होती. वीस वर्षांत फादरांच्या नावाला जो बोल लागला नाही, तो माझ्यामुळं काही महिन्यांत लागायला नको, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी मावशी आल्या तेव्हा मी दाराशीच उभा होतो.

"मावशी, उद्यापासून संध्याकाळी येऊ नका. लोक बोलतायत. तुम्हाला त्रास नको."

त्यांनी एक वहाण काढलेली होती. ती परत पायात घातली. "कोन बोलतंय?" असं विचारतील, चिडतील असं मला वाटलं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

सकाळच्या भाकऱ्या चालू राहिल्या. पण भाकऱ्या झाकून ठेवल्या की मावशी निघून जायच्या. बोलणं म्हणजे मीठ संपलंय, रॉकेल आणा, एवढंच. संध्याकाळी मी दोन्ही ओळी स्वतः म्हणू लागलो, आणि मग बऱ्याचदा मनातल्या मनात वाचून पुस्तक मिटू लागलो.

डिसेंबरच्या मध्यावर नवे फादर आले. उमदे, कामाचे होते. पहिल्याच सकाळी त्यांनी मिस्सा केली, कपाट बंद झालं, दिवा लागला. मी त्या मिस्सेत रडलो. त्यांनी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. त्यांच्याबरोबर पुण्याहून एक स्वयंपाकी आला होता. दोन दिवसांनी मावशी नेहमीच्या वेळेला आल्या, तर चुलीऐवजी गॅस होता आणि त्याच्यापुढं तो स्वयंपाकी उभा. नव्या फादरांनी त्यांना नीट बसवून सांगितलं, आभार मानले, एक चांगली घोंगडी दिली. त्यांनी ती खांद्यावर घेतली. मी व्हरांड्यात मुलांच्या वह्या तपासत होतो. उठून त्यांच्याबरोबर पाणंदीपर्यंत जायला हवं होतं. मी मान वर करून हसलो आणि म्हणालो, "येत जा, मावशी." त्याच माणसाला, ज्याला मी येऊ नका म्हणालो होतो.

माघात कळलं की त्यांनी शेळ्या विकल्या, खाचर पुतण्याला कसायला दिलं आणि मुलीकडं कामथडीला गेल्या.

जूनमध्ये मी सेमिनरीत परतलो. नव्या फादरांनी माझा अहवाल पाठवला होता. सेमिनरीच्या प्रमुखांनी, म्हणजे रेक्टरांनी, तो वाचून दाखवला. जबाबदार, शांत, एकटं राहण्याची उत्तम क्षमता. मला ते ऐकवेना. मी त्यांना सगळं सांगितलं. स्तोत्रं, मावशी, पाटील, दाराशी बोललेलं वाक्य.  शेवटी ते म्हणाले, "पाटलांचं बरोबर होतं, आणि तू केलंस त्याला मी चूक म्हणणार नाही. पण तिचं पुढं काय झालं?"

"मुलीकडं गेल्या."

"कशा आहेत?"

मला माहीत नव्हतं. कामथडी पुण्याहून किती लांब? सातारा रस्त्याला नसरापूरच्या जवळ. सकाळी निघून दुपारी परत येता येतं. मी गेलो नव्हतो.

त्यानंतरही गेलो नाही. ईशज्ञानाची चार वर्षं झाली, मला गुरुदीक्षा मिळाली, पुण्याजवळच्या एका चर्चमध्ये नेमणूक झाली. मधल्या काळात मोठे फादर वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात गेले आणि तिथंच वारले. त्यांना पुरून परत येताना माझ्या मनात आलं, आता त्या घरात आम्हा दोघांना रोज पाहिलेलं एकच माणूस उरलंय. पुढच्याच आठवड्यात मी कामथडीला गेलो.

घर शोधायला वेळ लागला नाही. मावशी अंगणात बसल्या होत्या, बऱ्याच वाळलेल्या. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"धाकलं फादर! या की. झाला का आता फादर?"

"झालो, मावशी."

"आई हाय न्हवं?"

"आहे."

मुलगी आणि जावई शेतावर होते. त्यांनी स्वतः उठून चहा केला, मला करू दिला नाही. मोठे फादर गेल्याचं सांगितलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला.  हायवेवरून ट्रकांचा आवाज अखंड येत होता. जे बोलायची तयारी करून गेलो होतो, ते मी अखेर बोललो. "मावशी, तेव्हा मी तुम्हाला येऊ नका म्हणालो. माझं चुकलं. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"त्यात काय," त्या म्हणाल्या. "तुमी येऊ नगा म्हनलात, म्या आले न्हाई. लोकं बोलत्यातच." थोडा वेळ त्या बोटांनी जमिनीवरचा एक खडा फिरवत राहिल्या. "पर मला लई करमायचं न्हाई हो. लेक पुन्याला, सून पुन्याला. सांज झाली की घरात कुनाचा आवाज न्हाई. तितं येऊन बसलं की तुमचा आवाज यायचा. काय बोलता ते कळंना, पर मानूस बोलतंय आसं वाटायचं."

 त्या तीन आठवड्यांत मी समजत होतो की ही बाई माझ्यासाठी येते. माझ्यावर दया करते. त्या वाडीत, पाचशे पावलांवर, दुसऱ्या एका रिकाम्या घरात माझ्यासारखंच कुणी संध्याकाळ टाळत बसलंय, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. वही भरून लिहिलं होतं मी. त्यात तिचं घर कुठंही नव्हतं.

"इथं करमतं का?" मी विचारलं.

"हितं आवाज लई हाय," त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडं हात केला. "पर त्यो काय आपला न्हवं."

मुलगी आली तेव्हा दिवस कलला होता. तिनं जेवायचा आग्रह केला. मी चर्चमध्ये फोन करून यायला उशीर होईल असं सांगितलं आणि जेवलो. निघताना मावशी म्हणाल्या, "आता वाट सापडली न्हवं? मंग येत जावा."

दोनतीन महिन्यांतून एकदा जातो आता. कधी त्या बोलतात, कधी बोलत नाहीत. हल्ली कमी ऐकू येतं त्यांना. मागच्या खेपेला गेलो तेव्हा ओसरीवर झोपल्या होत्या, अंगावर मुलीची जुनी साडी. मी उठवलं नाही. तासभर शेजारी बसलो आणि निघालो.